दोन रकाने

आंकडे दिसले कीं मला धीर येतो, ही माझी फार जुनी खोड. एकतीस वर्षें सांगलीच्या एका महाविद्यालयांत मीं अर्थशास्त्र शिकविलें. त्या काळांत माझ्या विनोदांना मुलें क्वचितच हंसलीं. पण फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढून मी तक्ता मांडूं लागलों कीं निमूटपणें वह्या उघडीत. घरींहि तोच प्रकार. मुलीच्या लग्नाच्या वेळीं मीं दोन स्थळांचा असाच तक्ता केला होता. आमच्या सौभाग्यवतींनीं तो वाचला नाहीं. त्यावर गुळाचा डबा ठेवला. मुलीनें पुढें तिसरेंच स्थळ पसंत केलें, ही गोष्ट निराळी.

गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत आम्ही उभयतां अमेरिकेस गेलों, तेव्हां वही बरोबर होतीच. प्रथम कांहीं आठवडे न्यूयॉर्क शहरांत पुतण्याकडे आणि पुढें वॉशिंग्टनजवळ सिल्व्हर स्प्रिंग येथें मुलीकडे, असा बेत होता. प्रवासाचें कारण निव्वळ भेटीगांठीचें नव्हतें. “बाबा, सांगलीचें घर विकून टाका आणि दोघेंहि कायमचीं इकडे या, ते पैसे नि आमचे पैसे मिळून आपण मोठें घर घेऊं,” असा मुलीचा दोन वर्षें धोशा चालला होता. ती तिकडची नागरिक झालेली असल्यामुळें आईबापांना नेण्याचे कागद तिला भरतां येत होते. तिनें ते भरून ठेवलेलेहि होते. राहिली होती ती माझी सही.

पुतण्या राहत होता तें घर गयानाहून आलेल्या एका कुटुंबाचें होतें, आणि मुलीच्या इमारतींत तळमजल्यावर राहणारे गृहस्थ इथिओपियाचे होते. दोघेहि परमुलखांतून आलेले, दोघेहि तीस-चाळीस वर्षें तेथें रुजलेले. तेव्हां या दोन समाजांचे दोन रकाने पाडून कोणाचें कसें चाललें आहे तें पाहावें, म्हणजे आपली सही करावी कीं करूं नये तेंहि आपोआप ठरेल, असें माझ्या मनानें घेतलें. अर्थशास्त्राचा माणूस निर्णय टाळतो तो असा.

गयाना म्हटलें कीं आपल्याकडच्या माणसाला क्रिकेट आठवतें. रोहन कन्हाय तिथला. त्याच्या नांवावरून आपल्या सुनील गावसकरांनीं मुलाचें नांव रोहन ठेवलें. पण कन्हाय हें नांव दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोंचलें कसें, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. ब्रिटिश साम्राज्यांतली गुलामगिरी बंद झाली, उसाच्या मळेवाल्यांना मजूर मिळेनात, आणि १८३८ सालच्या मे महिन्यांत हिंदी मजुरांचीं पहिलीं दोन जहाजें तेथें लागलीं. १९१७ पर्यंत ही भरती चालली. सुमारें २,३९,००० माणसें करारावर तेथें नेण्यांत आलीं. बहुतेक बिहार व आजचा उत्तर प्रदेश इकडचीं, कलकत्त्याच्या बंदरांतून चढलेलीं, थोडीं मद्रासकडचीं. (आपल्या मराठी मुलखांतले मजूर समुद्रापार गेले ते मॉरिशसला, गयानाच्या जहाजांत ते जवळजवळ नव्हतेच.) त्यांच्या पणतवंडांनीं १९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेची वाट धरली, आणि आज न्यूयॉर्कमधल्या परदेशीं जन्मलेल्या लोकांत गयानी हा फार मोठा गट आहे. २०११ च्या मोजणींत तो पांचवा होता; सुमारें १,४०,००० माणसें. ज्या देशाची सारी वस्ती आठ लाखांच्या घरांत, त्याच्या दृष्टीनें ही संख्या केवढी, याचा वाचकांनींच विचार करावा.

पहिल्याच आठवड्यांत मीं जनगणना खात्याचे आंकडे काढून वहींत उतरून घेतले. कुटुंबाची वार्षिक प्राप्ति पाहा, कीं स्वतःच्या घरांत राहणाऱ्यांचें प्रमाण पाहा. गयानी रकाना वरचढ. इथिओपियाचा रकाना दोन्ही ओळींत मागें. मला बरें वाटलें. एकत्र राहणारे, घर घेणारे लोक सुखी. सही करायला हरकत नाहीं. मीं तसें सौभाग्यवतींना सांगितलेंहि. “खालच्या आजींना विचारलेंत का?” एवढेंच त्या म्हणाल्या.

खालच्या आजी म्हणजे घरमालकीण. वय ऐंशीच्या आंतबाहेर. सारें घर, सारी गल्ली त्यांना ‘आजी’ म्हणे, आणि मला प्रथम वाटलें कीं पुतण्यानेंच हा शब्द तेथें रुजविला असावा. पण नाहीं, बापाची आई ती आजी, आईची आई ती नानी, हे शब्द गयानाच्या हिंदू घरांतून अजून चालतात. भोजपुरी मात्र त्यांच्या जिभेवरून केव्हांच गेली. आजी इंग्रजी बोलत, तेंहि असें मोडून-तोडून गोड केलेलें कीं प्रथम चार दिवस मला एक अक्षर कळलें नाहीं. मला त्या ‘बेटा’ म्हणत. अडुसष्टाव्या वर्षीं असें हांक मारणारें कोणी भेटेल असें वाटलें नव्हतें.

त्यांचें घर रिचमंड हिल या भागांत. लिबर्टी ॲव्हेन्यू नांवाच्या रस्त्यावर लोखंडी खांबांवरून आगगाडी धडधडत जाते. तिच्या सांवलींत पुरीचीं दुकानें, साड्यांचीं, सोन्याचीं, पूजासाहित्याचीं, मायदेशीं पैसे धाडण्याचीं. तेथल्या एका कोपऱ्याला २०२१ सालीं सरकारी रीतीनें ‘लिटल गयाना’ असें नांव मिळालें. आजूबाजूचीं लांकडी दुमजली घरें मूळचीं जर्मन, आयरिश, इटालियन लोकांचीं. तीं लोकें जशीं सुस्थितींत आलीं तशीं बाहेर सरकलीं आणि हीं आंत आलीं. प्रत्येक घरापुढें उंच काठीवर झेंडी. मारुतीची तांबडी बहुधा असतेच.

आजींचा जन्म बर्बीस भागांतल्या उसाच्या मळ्यावरचा. बाप ऊस तोडणारा, नवरा प्राथमिक शाळेंत मास्तर. १९६६ सालीं देश स्वतंत्र झाला. पुढें बर्नहॅमसाहेबांच्या राज्यांत बॉक्साइटच्या खाणी सरकारनें घेतल्या, १९७६ सालीं साखरेचे मळे घेतले, आणि तिजोरी रिकामी होत गेली तसतशी परदेशी मालावर बंदी येत गेली. १९८२ च्या सुमारास गव्हाचें पीठसुद्धां आणण्याची मनाई झाली. “बेटा, आम्हीं तांदळाच्या पिठाच्या पोळ्या केल्या, आणि त्या ताटांतच मोडत,” आजी सांगत. मला हंसूं आलें. कोंकणांतल्या कोणत्याहि बाईनें त्यांना भाकरी थापायला शिकविली असती. पण ज्या घरांत शंभर वर्षें रोज गव्हाची रोटी होत आली, तेथें पीठ चोरून आणावें लागणें ही थट्टा नव्हती. आजींच्या थोरल्या बहिणीनें तेव्हांच न्यूयॉर्क गांठलें होतें. ती म्हाताऱ्यांची शुश्रूषा करण्याचें काम करी. तिनें भावाला बोलाविलें, भावानें आईबापांना, आणि नऊ वर्षें परवान्याची वाट पाहून १९८८ सालीं आजी, त्यांचे यजमान आणि दोन मुलगे विमानांतून उतरलीं. उतरल्या रात्रीं निजायला गादी होती, दुसऱ्या सोमवारीं कामाचा पत्ता होता. कारण पुढें गेलेलीं पांच माणसें त्याच गल्लींत होतीं. शिवाय भाषेची अडचण मुळींच नव्हती. पुरुषांच्या आधीं बायकांनाच कामें मिळाली: रुग्णालयांत, वृद्धांच्या घरीं, कचेऱ्यांत.

घर घेतलें तें भिशीच्या पैशांतून. तिकडे तिला ‘बॉक्स-हँड’ म्हणतात. वीस जणींनीं आठवड्याला शंभर-शंभर डॉलर एकीच्या हवालीं करायचे, आणि दर आठवड्याला एकीनें ते दोन हजार उचलायचे. कागद नाहीं, व्याज नाहीं, जामीन नाहीं. आजी हें मला समजावून सांगूं लागल्या तेव्हां मीं त्यांना मध्येंच थांबविलें. मला काय समजवायचें! १९७४ सालीं मी महाविद्यालयांत गेलों तो आईच्या दहा रुपयांच्या भिशीवर. तिचा नंबर दिवाळीनंतरचा होता. फीची मुदत जूनची. जूनची चिठ्ठी निघाली होती ती शेजारच्या कासारणीची, आणि तिनें ती आईला देऊन टाकली. मी पुढें अर्थशास्त्राची पदवी घेतली, पतपुरवठ्यावर शंभर पानांचा प्रबंध लिहिला, आणि त्यांत कासारणीचा उल्लेख करावयाचा राहून गेला.

असो. आजींच्या स्वयंपाकघरांत बसून मी घराची मिळकत मोजूं लागलों. थोरला मुलगा केनेडी विमानतळावर, त्याची बायको रुग्णालयांत मदतनीस, धाकटा बांधकामावर, त्याची बायको शाळेच्या कचेरींत, मोठा नातू बँकेंत, आणि आजींचें निवृत्तिवेतन. सहा प्राप्त्या, एक छप्पर. जनगणनेच्या कागदांत हें एक कुटुंब. त्याची प्राप्ति सहांनीं भागली तर काय उरतें, तें मीं वहीच्या समासांत मांडून पाहिलें आणि पेन्सिल खालीं ठेवली. तक्ता खोटा नव्हता. त्यानें माणसें मोजलींच नव्हतीं, छपरें मोजलीं होतीं.

बरें, तें छप्परहि निर्वेध नव्हतें. धाकट्यानें २००६ सालीं घरावर दुसरें कर्ज काढलें. पहिल्या दोन वर्षांनंतर व्याज चढलें, आणि २००८ सालीं बांधकामेंच बंद पडलीं. त्या सुमारास क्वीन्सच्या या भागांत जप्त्यांचा सुळसुळाट झाला होता. समोरच्या तीन घरांवर नोटिसा लागल्या, त्यांतलें एक गेलें. आजींचें वांचलें, कसें, तें विचारलें तर त्या बोटें मोजीत म्हणाल्या, “सहा हात.” म्हणजे सहा बायकांनीं ओळीनें आपापल्या पाळीचे पैसे त्यांना दिले. ते फेडायला तीन वर्षें लागलीं. घराला तळघर होतें, तें त्या दिवसांत एका जोडप्याला भाड्यानें दिलें. कायद्याला तें मान्य नव्हतें, पण सारी गल्लीच तसें करी. २०२१ च्या सप्टेंबरांत वादळी पाऊस झाला आणि क्वीन्समधल्या अशाच तळघरांतून माणसें बुडून मेलीं. दुसऱ्या दिवशीं आजींनीं तळघर रिकामें करविलें. भाडें बुडालें तें बुडालें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं थोरली सून ओट्यावर भाजी निवडीत होती. मीं सहज म्हटलें, “तुमच्या घराची एकी पाहून फार समाधान वाटलें.” ती चवळीच्या शेंगा मोडीत होती, तशीच मोडीत राहिली. मग हळूच म्हणाली, “अंकल, मीं या घरांत अठ्ठावीस वर्षांचा पगार घातला आहे. खरेदीखतावर नांव आहे सासूबाईंचें आणि दोघां भावांचें.” मीं हें वहींत लिहिलें नाहीं. कोणत्या रकान्यांत लिहावें तें कळेना.

सिल्व्हर स्प्रिंगला आलों तो मनांत हा खडा घेऊन.

मुलीच्या इमारतींतले ते गृहस्थ टॅक्सी चालवीत. माझ्या डोळ्यांच्या तपासणीसाठीं आठवड्यांतून दोनदां वॉशिंग्टनला जावें लागे. ते मला नेत. वय माझ्याइतकेंच, अंगानें सडपातळ, शर्टाचीं बटणें गळ्यापर्यंत लावलेलीं. मी शिक्षक होतों हें कळल्यावर त्यांनीं गाडी कडेला घेतली, उतरून माझ्या बाजूचें दार उघडलें आणि पुन्हां हात हातांत घेतला. हायस्कुलांत त्यांना गणित शिकविणारे मास्तर हिंदी होते. सम्राट हेले सेलासींच्या काळांत हिंदुस्थानांतून शेंकडों शिक्षक इथिओपियांत गेले होते, आणि त्या पिढीचा बहुतेक शिकलेला माणूस असल्या एखाद्या मास्तरांची आठवण सांगतो. त्या दिवसापासून मला ते ‘अस्तेमारी’ म्हणूं लागले. अम्हारिक भाषेंत अस्तेमारी म्हणजे गुरुजी.

मीं त्यांना मलिक अंबरची गोष्ट सांगितली. १५४८ च्या सुमारास त्यांच्या देशांत जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला जात जात दक्षिणेंत आला, निजामशाहीचा वजीर झाला, त्यानें जमीन मोजून साऱ्याची व्यवस्था लाविली, खडकी शहर वसविलें, आणि १६२६ सालीं मरेपर्यंत मोंगलांना दाद दिली नाहीं. आमच्याकडे तुम्हांला हबशी म्हणत, असेंहि मी बोलून गेलों, आणि जीभ चावली. कारण तो शब्द आपण कोणत्या स्वरांत उच्चारतों तें मला ठाऊक होतें. ते मात्र खूष झाले. “हबेशा! आम्ही स्वतःला हबेशाच म्हणवितों.” आणि थोडें थांबून, “त्याला पगार कोण देई, अस्तेमारी? सारा मोजणारा माणूस म्हणजे माझ्याच धंद्याचा.” ते हिशेबनीस होते, म्हणजे व्हायचे होते.

१९७४ च्या सप्टेंबरांत सम्राटांना पदच्युत करण्यांत आलें. मी सांगलीला कोऱ्या वह्यांवर नांव घालीत होतों त्याच महिन्यांत अदिस अबाबाचें विद्यापीठ बंद झालें आणि विद्यार्थ्यांना खेड्यापाड्यांत सेवेला पाठविण्याचा हुकूम निघाला. पुढें १९७७-७८ सालीं लष्करी राजवटीनें जी कत्तल केली तिला तिकडे ‘तांबडी दहशत’ म्हणतात. त्यांत यांचा धाकटा भाऊ गेला. यांनीं कशीबशी पदवी घेतली आणि १९८० सालीं रात्रींच्या रात्रीं पायीं चालत सुदान गांठलें. तीन वर्षें खार्टूममध्यें. अमेरिकेनें १९८० सालीं निर्वासितांसाठीं नवा कायदा केला होता. त्याच्या आधारानें १९८३ सालीं ते वॉशिंग्टनला आले. एकटे. पत्ता एका चर्चचा. आजींना उतरल्या रात्रीं गादी मिळाली, ती त्यांच्यापुढें गेलेल्या पांच माणसांमुळें. यांच्यापुढें कोणी गेलें नव्हतें, आणि मागून बोलवावें तर घरीं बोलावण्याजोगें कोणी उरलें नव्हतें किंवा सरकार सोडीत नव्हतें. पदवीच्या कागदाला तेथें कोणी ओळखीना. त्यांनीं मोटारी उभ्या करण्याच्या तळावर रात्रपाळी धरली. वॉशिंग्टनमधल्या असल्या तळांवर तेव्हां सारे त्यांचेच देशबांधव असत.

टॅक्सी कां, असें मीं विचारलें. त्यांचें उत्तर एखाद्या चांगल्या क्रमिक पुस्तकांत घालण्याजोगें होतें. न्यूयॉर्कमध्यें टॅक्सीचे परवाने मोजके. ते विकले जात, आणि त्यांची किंमत चढत चढत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरांवर गेली व मग कोसळली. कित्येकांचें आयुष्य त्या कर्जाखालीं गेलें. वॉशिंग्टनला तसला विकाऊ परवाना नव्हता. परीक्षा द्यावी, जुनी गाडी घ्यावी, आणि आपणच आपले धनी व्हावें. २००८ पर्यंत तर मीटरहि नव्हतें; शहराचे विभाग पाडलेले, त्यावरून भाडें. परदेशीं पदवी फुकट गेलेल्या माणसाला स्वमानानें शिरतां येईल असें तें एकच दार होतें. आणि गाडीचे पैसे? “इकुब,” ते म्हणाले. पंचवीस माणसें, आठवड्याची वर्गणी, चिठ्ठी निघेल त्याची रक्कम. मी हंसलों. आतां हा तिसरा.

म्हणजे भिशी दोन्हीकडे होती. पण एकीकडे तिचें घर झालें, दुसरीकडे गाडी. घर कुटुंबाला घेतां येतें. एकट्याला गाडीच परवडते. आणि घराची किंमत चाळीस वर्षांत चढत गेली, तर गाडी पांच वर्षांत भंगार होते. पुढें २०११-१२ पासून फोनवरून बोलवायच्या गाड्या आल्या आणि त्यांची मिळकत पाहतां पाहतां अर्ध्यावर आली. लग्न त्यांनीं उशिरां केलें. मुलगा एकच, तो इंजिनियर होऊन पश्चिम किनाऱ्यावर गेला आहे. घरीं दोघेंच नवराबायको, भाड्याच्या दोन खोल्या, आणि दर महिन्याला अदिस अबाबाला विधवा बहिणीला धाडायचे पैसे. माझा दुसरा रकाना त्यामुळें रोडावलेला. मुलाची प्राप्ति, जी बापाच्या रात्रपाळ्यांतून निघाली, ती कॅलिफोर्नियांतल्या भलत्याच एका छपराखालीं मोजली जात होती.

त्यांच्या मागून आलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. १९९५ पासून अमेरिकेचे कांहीं परवाने सोडत काढून वांटले जाऊं लागले, आणि त्यांत इथिओपियाचा वाटा मोठा होता. चिठ्ठी निघाली कीं तरुण माणूस उचलायचा आणि विमानांत घालायचा, पुन्हां एकटाच. गयानाचे लोक मात्र मुख्यतः नात्याच्या दोरीला धरून आले. विद्येचा, बुद्धीचा किंवा कष्टाळूपणाचा हा फरक आहे असें मला कोठेंच दिसलें नाहीं. कोणाच्या पाठीमागून कोण आलें, एवढ्यावर केवढा डोलारा उभा राहतो!

जुलैमध्यें एके रविवारीं त्यांनीं आम्हांला जेवायला बोलाविलें. बुधवार-शुक्रवार आणि वर्षांतले कितीतरी उपासाचे दिवस त्यांचा धर्म मांस वर्ज्य करतो, त्यामुळें शाकाहारी पाहुण्याची त्यांच्या घरीं जराहि पंचाईत होत नाहीं. इंजेरा म्हणजे आंबविलेल्या टेफच्या पिठाची हातभर मोठी, जाळीदार आंबोळी. तिच्यावर वाढलेल्या ‘शिरो’चा पहिला घांस घेऊन आमच्या सौभाग्यवती मला म्हणाल्या, “अहो, हें पिठलें!” तें पिठलेंच होतें, मसाला मात्र झणझणीत. जेवणानंतर त्यांच्या पत्नीनें आमच्यादेखत कॉफी भाजली, कुटली, मातीच्या उभट भांड्यांत उकळली आणि रिवाजाप्रमाणें तीन वेळां दिली. पेले मात्र दहा मांडले होते. माणसें आम्ही चौघें. मीं पाहत आहें हें पाहून ते म्हणाले, “पूर्वीं भरत असत. संवय राहिली आहे.” २०२० सालच्या नोव्हेंबरांत त्यांच्या देशाच्या उत्तरेस टिग्रे प्रांतांत युद्ध पेटलें आणि दोन वर्षें चाललें. त्यांच्या इकुबांत टिग्रेचे नऊजण होते, बाकीचे इकडचे. कोणी कोणाचे पैसे बुडविले नाहींत. फेरी संपेपर्यंत प्रत्येकानें वर्गणी आणून दिली. पण नवी फेरी सुरूं झाली नाहीं. तहाला आतां बराच काळ लोटला आहे. “बँकेंत माझी पत उत्तम आहे, अस्तेमारी,” ते हंसून म्हणाले, आणि नऊंपैकीं एकाविषयीं बोलूं लागले: त्याच्या मुलीच्या लग्नाला यांनीं जायला हवें होतें आणि हे गेले नाहींत.

हा नुकसानीचा आंकडा कोणत्या खात्यावर टाकावा? मीं पुष्कळ विचार केला. तिकडे गयानाच्या समुद्रांत २०१५ सालीं खनिज तेल सांपडलें, २०१९ च्या अखेरीस तें निघूं लागलें, आणि त्या एवढ्याशा देशाची मिळकत अशी वाढली कीं जगांत तोड नाहीं. आजींना आतां तिकडचे भाचे उलट विचारतात, परत कधीं येतां? त्या दर नाताळाआधीं तेल, दुधाची भुकटी, बूट यांनीं भरलेलें एक पिंप जहाजानें बर्बीसला धाडीत आल्या आहेत. “आतां त्यांना लागत नाहीं,” थोरला मुलगा म्हणतो. यंदाहि पिंप भरणें चालूंच होतें. एक बूट मलाहि होतो का म्हणून घालून पाहायला लाविला होता.

सप्टेंबर लागला. परतीचीं तिकिटें ऑक्टोबरच्या वीस तारखेचीं. सहीचे कागद मुलीच्या टेबलावर तसेच होते आणि ती त्यांच्याकडे बघण्याचें टाळी. तिला आजींच्या सुनेची गोष्ट सांगावी असें मला अनेकदां वाटलें. सांगलीचें घर माझ्या नांवावर. तें विकून इथल्या घरांत पैसे घातले, तर उद्यां खरेदीखतावर कोणाचीं नांवें? हा प्रश्न बापानें लेकीला कसा विचारावा? आणि न विचारतां सही कशी करावी? दुसऱ्या बाजूस तळमजल्यावरचे ते दहा पेले होते. मीं वही उघडली, दोन्ही रकान्यांखालीं रेघ मारली आणि बेरीज न करतां मिटली.

त्याच रात्रीं जेवतांना सौभाग्यवतींनीं एक बातमी दिली. तिकडच्या मराठी बायकांची एक भिशी आहे. बारा जणी, महिन्याला शंभर डॉलर. जूनमध्यें नवी फेरी सुरूं झाली तेव्हांच त्या तींत शिरल्या होत्या. चिठ्ठ्या पहिल्याच दिवशीं काढून नंबर लावून ठेवलेले. मला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

“तुझा नंबर कितवा?” मीं विचारलें.

“अकरावा. एप्रिलचा.”

“आणि आपलीं तिकिटें ऑक्टोबरचीं.”

“ठाऊक आहे मला,” माझ्या ताटांत भात वाढीत ती म्हणाली. “म्हणून तर पलीकडच्या कुलकर्णीबाई आपली पांचव्या महिन्याची चिठ्ठी मला देत होत्या. मीं नको म्हटलें.”